हायब्रिड वॉटर हीटर: टाकी म्हणते १२०, नळाला येतं कोमट

शेवंती | १० जानेवारी, सकाळी ९:४२

नमस्कार मंडळी. घरात सध्या सहा माणसं आहेत आणि अंघोळीच्या पाण्यावरून रोज सकाळी ताण होतोय, म्हणून हा धागा.

आमचं घर न्यू जर्सीत. गेल्या एप्रिलमध्ये जुना इलेक्ट्रिक वॉटर हीटर तळातून गळायला लागला, तेव्हा ५० गॅलनचा हायब्रिड, म्हणजे हीट पंपवाला, बसवून घेतला. उन्हाळाभर काही त्रास नव्हता. दिवाळीच्या आधी आई-बाबा सांगलीहून आले आणि नोव्हेंबरपासून हे सुरू झालं.

एक तर पाणी कोमट येतं. दुसऱ्या-तिसऱ्या माणसाला आलं तर समजू शकते, पण कधी कधी पहाटे पहिल्या अंघोळीलाच येतं. पॅनेलवर १२० अंश (फॅरेनहाइट), अ‍ॅपमध्ये टाकी पूर्ण तापलेली. आधी दिवसाला ३-४ युनिट वीज खायचा, आता ११-१२. आणि गेल्या आठवड्यापासून हीटरच्या बाजूला जमिनीवर पाणी साचतंय.

एक माणूस येऊन पाहून गेला. दहा मिनिटांत म्हणाला, कुटुंब मोठं आहे, हा लहान पडतो, ८० गॅलनचा घ्या. नऊ महिन्यांपूर्वीचं मशीन काढून टाकायला मन तयार होत नाही.

अजून एक, याच्याशी संबंध नसेल कदाचित: सकाळी खालच्या बाथरूममधला गार पाण्याचा नळ सोडला की आधी थोडा वेळ कोमट पाणी येतं. बाबा म्हणतात, बरंच आहे की.

मंगळवारी भोगी. सगळ्यांची डोक्यावरून अंघोळ. त्याआधी काय काय तपासू?

चिंचगूळ | १० जानेवारी, सकाळी ९:५८

बाबांशी सहमत. गार नळाला गरम पाणी ही सोय आहे, तक्रार नाही. (हघ्या, म्हणजे हलकेच घ्या)

खटपट्या | १० जानेवारी, सकाळी १०:१५

शेवंती, आधी चार गोष्टी सांगा. मोड कुठला आहे? हीटर केवढ्या खोलीत आहे आणि दार उघडं असतं का? कपड्यांचा ड्रायर त्याच खोलीत आहे का? आणि एअर फिल्टर शेवटचा कधी धुतला?

हे यंत्र हवेतून उष्णता घेतं. त्याला हवा मिळाली नाही तर ते दमतं, आणि हायब्रिड मोडमध्ये असेल तर मुकाट्याने आतले हीटिंग एलिमेंट, म्हणजे साध्या गिझरसारख्या विजेवर तापणाऱ्या कांड्या, चालू करतं. पाणी तापतं, त्यामुळे कुणाला कळत नाही. फक्त बिलात कळतं.

भरतीओहोटी | १० जानेवारी, सकाळी १०:४०

बॉस्टनहून लिहितोय. माझं मत रुचणार नाही, तरी सांगतो. घरात गॅसची लाइन असेल तर गॅसचाच हीटर घ्यावा. ४० हजार बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) बर्नर तासाभरात टाकी तापवतो. त्यात ना कॉम्प्रेसर, ना पंखा, ना फिल्टर, ना ड्रेन. जितके भाग जास्त तितके बिघाड जास्त. आमच्या शेजाऱ्यांच्या हायब्रिडचा कॉम्प्रेसर तिसऱ्या वर्षी गेला. प्लंबर म्हणाला हे एसीवाल्याचं काम, एसीवाला म्हणाला वॉटर हीटर आम्ही हात लावत नाही. भर थंडीत तीन आठवडे ते लोक नुसत्या एलिमेंटवर काढत होते.

एकतारा | १० जानेवारी, सकाळी ११:३०

भरतीओहोटी, प्लंबर आणि एसीवाला यांच्यात चेंडू टोलवला जातो हे अगदी खरं. रेफ्रिजरंटच्या (उष्णता वाहून नेणाऱ्या वायूच्या) बंद नळ्या उघडायला अमेरिकेत ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचं ६०८ प्रमाणपत्र लागतं, ते बहुतेक प्लंबरकडे नसतं. म्हणून बसवून घेतानाच 'वॉरंटीत हा कॉम्प्रेसर कोण दुरुस्त करणार' हे लेखी विचारून ठेवावं. पण शेवंतींचं मशीन बिघडलंय असं मला वाटत नाही. मी तीस वर्षं रेफ्रिजरेशनमध्ये काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या फ्रिजच्या मागची जाळी गरम असते. आतली उष्णता उपसून तो बाहेर टाकतो. हा हीटर तेच उलट्या बाजूने करतो: खोलीतल्या हवेची उष्णता उपसून टाकीत टाकतो. कॉम्प्रेसर आणि पंखा मिळून साधारण ४००-५०० वॉट घेतात आणि पाण्याला त्याच्या तिप्पट उष्णता मिळते. नुसत्या एलिमेंटमध्ये १ युनिटला १ युनिटच.

आता हिशेब. जानेवारीत तुमच्याकडे मुनिसिपालटीचं पाणी ४५ अंशांच्या आसपास येत असणार. ५० गॅलन पाणी ४५ वरून १२० ला न्यायला सुमारे ९ युनिट उष्णता लागते. ४५०० वॉटचा एलिमेंट हे काम दोन तासांत करतो आणि ९ युनिट जाळतो. हीट पंप ३ युनिटांत करतो, पण सहा-सात तास घेतो. हे यंत्र सावकाश आहे. तो त्याचा स्वभाव आहे, दोष नाही. रात्री सगळे झोपल्यावर त्याने टाकी भरून ठेवायची, अशी त्याची रीत.

आता तुमचे ११-१२ युनिट बघा. सहा माणसं धरली तरी हीट पंप धड चालत असता तर ५-६ च्या वर जायला नको होतं. याचा अर्थ एलिमेंट बराच वेळ चालतोय. का चालतोय ते शोधायचं. खटपट्यांचे चारही प्रश्न बरोबर आहेत.

शेवंती | १० जानेवारी, दुपारी १२:२०

एकतारा, इतकं नीट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

खटपट्या, उत्तरं: मोड हायब्रिड. खोली ६ बाय ८ फूट, त्यातच फर्नेस (घर तापवणारी भट्टी) आणि ड्रायर. दार पूर्वी उघडं असायचं. बाबांना गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, म्हणून त्यांची झोपायची सोय बेसमेंटमध्येच शेजारच्या खोलीत केली. पंख्याच्या आवाजाने त्यांची झोप मोडायला लागली, तेव्हापासून दार बंद ठेवतो.

फिल्टर आत्ता काढून पाहिला. एप्रिलपासून एकदाही धुतलेला नाही. त्यावर ड्रायरच्या लिंटची, म्हणजे कपड्यांतून सुटलेल्या तंतूंची, गोधडी झाली होती, बोटाने सोलून काढली. शरम वाटली.

खटपट्या | १० जानेवारी, दुपारी १२:३१

शरम कसली, बसवणाऱ्याने सांगायला हवं होतं.

खोली ६ बाय ८, उंची साडेसात धरली तर ३६० घनफूट. बहुतेक माहितीपुस्तकांत ७०० घनफूट तरी हवा मागतात. दार बंद केलं की तो आपणच गार केलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो. फिल्टर कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. आतल्या कॉइलच्या पात्यांवर लिंट बसलं असेल तर ब्रेकर बंद करून मऊ ब्रशने उभं झाडा, आडवं नको, पाती वाकतात. दाराला खाली-वर जाळी बसवा किंवा झडपांचं दार लावा. बाबांच्या झोपेसाठी सोपा उपाय: बऱ्याच मॉडेलना वेळापत्रक लावता येतं. रात्री ११ ते पहाटे ३ बंद ठेवा आणि दुपारी मनसोक्त चालू द्या.

दगडफूल | १० जानेवारी, दुपारी १:०५

मिनेसोटा. आमच्या बेसमेंटमध्ये हिवाळ्यात ५२-५५ अंश असतं. हायब्रिड चार वर्षं झाली, चालतो. हवा साधारण ४० च्या खाली गेली की हीट पंप थांबतो आणि एलिमेंटवर जातो, ते मात्र लक्षात ठेवायचं. गॅरेजमध्ये बसवणाऱ्यांनी तर नक्कीच.

आमचा त्रास वेगळाच होता. पाण्याला सडक्या अंड्याचा वास. आमचं पाणी विहिरीचं. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो, त्याची आणि पाण्यातल्या सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंची गाठ पडली की हा वास येतो. विजेवर चालणारा अ‍ॅनोड बसवला, वास गेला.

भरतीओहोटी | १० जानेवारी, दुपारी १:४०

दगडफूल, मग हिवाळ्यात तुमचा हीटर घरातलीच उष्णता पळवतोय ना? फर्नेसने गॅस जाळून बेसमेंट तापवायचं आणि हीटरने तीच उष्णता पाण्यात घालायची. यात बचत कुठे?

एकतारा | १० जानेवारी, दुपारी २:१०

रास्त मुद्दा आहे, टाळत नाही. पाण्यात गेलेल्या उष्णतेतला दोन-तृतीयांश भाग हवेतून येतो आणि तापवलेल्या घरात हिवाळ्यात त्याची काही भरपाई फर्नेसला करावी लागते. पण बेसमेंट आपण मुद्दाम तापवत नसलो तर ती उष्णता जमिनीतून, फर्नेसच्या नळ्यांतून, ड्रायरमधून आलेली असते, जी वायाच जाणार होती. उन्हाळ्यात उलट फायदा: बेसमेंट गार आणि कोरडं, डीह्युमिडिफायर कमी चालतो. वर्षाची बेरीज घरागणिक वेगळी येते. तुमच्याकडे वीज महाग आणि गॅस आधीच घरात असेल तर तुमचा निर्णय चुकीचा नाही. शेवंतींकडे आधी इलेक्ट्रिकच होता, त्यांचा निर्णय मला बरोबर वाटतो.

भरतीओहोटी | १० जानेवारी, दुपारी २:२२

इलेक्ट्रिकच्या जागी हायब्रिड, हे मान्य.

गोगलगाय | ११ जानेवारी, सकाळी ६:५०

जपानहून थोडं अवांतर. इथे घरगुती हीट पंप २००१ पासून आहेत, एको क्यूट म्हणतात. त्यात रेफ्रिजरंट म्हणून कार्बन डायॉक्साइड असतो, यंत्र घराबाहेर आणि टाकी वेगळी. रात्री स्वस्त विजेवर ६५ अंशांच्या वर, म्हणजे सेल्सिअस, तापवून ठेवतात आणि वापरताना गार पाणी मिसळतात. घरातली हवा गार होण्याचा प्रश्नच नाही. पण पहिल्या थंडीत आमच्याही घरी सगळ्यांनी संध्याकाळी टब भरले आणि रात्री पाणी संपलं. सावकाश तापणाऱ्या टाकीची सवय माणसांनाच करून घ्यावी लागते.

मोरपीस | ११ जानेवारी, सकाळी ७:३०

पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलरच्या जोडीला हीट पंप आहे. पावसाळ्यात त्याचाच आधार. बोअरचं पाणी जड, त्यामुळे क्षार बसून दोनदा बंद पडला. तुमच्याकडे पाणी जड नाही ना?

शेवंती | ११ जानेवारी, सकाळी ८:१५

मोरपीस, पाणी फारसं जड नाही. काल फिल्टर धुतला, दार उघडं ठेवलं, दुपारी चालवला. अ‍ॅपमध्ये कालचे ६ युनिट! पण पाणी अजून कोमटच. आणि जमिनीवरचं पाणी तसंच.

खटपट्या | ११ जानेवारी, सकाळी ८:४०

जमिनीवरच्या पाण्याचं आधी बघू. तीन शक्यता आहेत. प्रेशरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीतून आलं तर ते गरम असतं, आणि तेव्हा नळाचा दाब किंवा एक्स्पान्शन टँक तपासायचा. तळातून आलं तर टाकी गेली. वरच्या भागातून कवचावरून ओघळलं, स्वच्छ आणि गार असलं, तर ते कॉइलवर जमलेलं हवेतलं पाणी. कंडेन्सेटची नळी तुंबली असणार.

कोडं एकच. जानेवारीत हवा कोरडी असते, तेव्हा इतकं पाणी जमायला नको.

शेवंती | ११ जानेवारी, सकाळी ९:०२

गार आहे, बाजूवरून ओघळतं. आणि कोड्याचं उत्तर माझ्याकडे आहे: आईला ड्रायर पटत नाही. "कपड्यांचा जीव जातो त्यात," म्हणते. ती रोज बेसमेंटमध्ये दोरीवर कपडे वाळत घालते. आठवड्यापूर्वी तिने फर्नेसची ऊब मिळते म्हणून दोरी हीटरच्या दारापाशी हलवली.

खटपट्या | ११ जानेवारी, सकाळी ९:१०

मग हीटर आईचे कपडे वाळवतोय. दोरी राहू द्या, नळी साफ करा. नळी काढा, पाण्याने फुंकून घ्या, हीटरकडच्या तोंडातून कपभर पांढरं व्हिनेगर ओता, अर्ध्या तासाने गरम पाणी. नळी सगळीकडे उताराची हवी, मध्ये झोळ पडला की शेवाळ तिथेच धरतं.

वाटसरू | ११ जानेवारी, सकाळी १०:३०

कोमट पाण्याला सोपा उपाय: तापमान १४० करा. आम्ही तेच केलं. टाकी मोठी असल्यासारखं वाटतं.

जास्वंद | ११ जानेवारी, सकाळी १०:४८

वाटसरू, कृपया असं सरसकट सुचवू नका. मी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे. १४० अंशांच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजतं. १२० ला त्याला काही मिनिटं लागतात. शेवंतींकडे वयस्कर आई-बाबा आहेत, म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते आणि हात मागे घ्यायला वेळ लागतो. टाकीत जास्त तापमान ठेवण्याला एक चांगलं कारण आहे, लीजनेलाचे (न्यूमोनियासारखा आजार करणारे) जिवाणू त्यात जगत नाहीत. पण मग टाकीच्या तोंडाशी मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच, म्हणजे नळापर्यंत १२० च पोचेल. तो न बसवता नुसतं बटण दाबून १४० करू नका.

वाटसरू | ११ जानेवारी, सकाळी ११:०५

व्हॉल्व्ह नाही बसवलेला. आत्ताच १२० केलं. लेक दीड वर्षाची आहे. धन्यवाद.

एकतारा | ११ जानेवारी, दुपारी १२:१५

शेवंती, मी तुमची पहिली पोस्ट पुन्हा वाचली. माझ्याकडून एक वाक्य सुटलं होतं, आणि सगळ्यांत मोलाचं तेच आहे: खालच्या बाथरूममध्ये गार नळाला आधी कोमट पाणी येतं.

टाकी १२० म्हणते आणि नळाला कोमट येतं, तेही पहाटे, कुणी वापरलं नसताना. म्हणजे टाकी खरं बोलतेय. गार पाणी वाटेत मिसळतंय. घरात कुठेतरी गरम आणि गार लाइन एकमेकींना जोडल्या गेल्यात. म्हणूनच गरम पाणी गार नळाकडेही शिरतं.

चाचणी अशी. हीटरचा ब्रेकर बंद करा. हीटरमध्ये गार पाणी शिरतं तिथला व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. आता कुठलाही गरम पाण्याचा नळ सोडा. थोडं पाणी येऊन थांबायला हवं. धार चालूच राहिली तर ते पाणी हीटरमधून येत नाही, गार लाइनमधून येतंय. मग एकेका बाथरूमच्या सिंकखालचे, कमोडमागचे व्हॉल्व्ह बंद करत जा. ज्याच्याशी धार थांबेल तो चोर. बहुतेक वेळा एका दांडीच्या नळातलं काडतूस (गरम-गार पाणी मिसळणारा आतला भाग) झिजलेलं असतं. नोव्हेंबरच्या सुमारास खालच्या बाथरूममध्ये काही नवीन बसवलं होतं का?

शेवंती | ११ जानेवारी, दुपारी १२:२२

जेट स्प्रे!!

थांबा, चाचणी करून येते.

चिंचगूळ | ११ जानेवारी, दुपारी १२:२५

इथेच बसलोय.

शेवंती | ११ जानेवारी, दुपारी १:१०

सापडलं. सविस्तर लिहिते, कारण हे आपल्यापैकी अनेकांच्या घरात असणार.

बाबा आले तेव्हा त्यांच्यासाठी खालच्या कमोडला जेट स्प्रे बसवला. थंडीत नुसतं गार पाणी सोसवत नाही म्हणून गरम-गार दोन्ही जोडण्या असलेला घेतला. सिंकखालून गरम, कमोडच्या नळीतून गार, मध्ये मिसळणारी कळ. आमचे बाबा ती कळ एकदा मनासारखी लावतात आणि तशीच ठेवतात, फक्त हातातला खटका सोडतात. खटका बंद, कळ उघडी. म्हणजे चोवीस तास गरम आणि गार लाइन त्या कळीत एकमेकींना भेटतात.

चाचणीत धार थांबेना. स्वयंपाकघर, वरची दोन्ही बाथरूम, काही फरक नाही. खाली जेटची सिंककडची गरम तोटी बंद केली आणि वरून मुलगा ओरडला, "आई, थांबलं!"

हीटर पुन्हा चालू केला. स्वयंपाकघरात नळाखाली थर्मामीटर धरला: ११७. काल इथेच ९८ होतं.

आणि ८० गॅलनचा नवा हीटर घेतला असता तरी यातलं काहीच सुटलं नसतं, हे मनात येऊन फार वाईट वाटलं. तो माणूस दहा मिनिटं थांबला, एकदाही नळ सोडून पाहिला नाही.

एकतारा | ११ जानेवारी, दुपारी १:३०

शाब्बास. आता दोन गोष्टी करा. दोन्ही जोडण्यांवर पाणी उलटं जाऊ न देणारे चेक व्हॉल्व्ह असलेला स्प्रे बसवा. तोवर वापर झाल्यावर भिंतीकडच्या तोट्या बंद करायची सवय. ही सवय चेक व्हॉल्व्ह आल्यावरही मोडू नका. जेटची बारीक नळी रात्रंदिवस पूर्ण दाबाखाली राहिली की कधीतरी फुटते, आणि ती फुटते तेव्हा घरी कुणी नसतं.

भरतीओहोटी | ११ जानेवारी, दुपारी १:५५

हे गॅसच्या हीटरवरही झालं असतं, कबूल करतो. माझ्याही घरी असाच दोन जोडण्यांचा जेट आहे. खाली जाऊन बघतो.

भरतीओहोटी | ११ जानेवारी, दुपारी २:२०

कळ उघडीच होती. किती महिने, देव जाणे.

शेवंती | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:४०

आज भोगी. आईने सकाळी सगळ्यांना तीळ वाटून लावले आणि सहा जणांच्या डोक्यावरून अंघोळी झाल्या. मध्ये पाऊण तास थांबलो, मुलं शेवटी गेली. शेवटच्यालाही पाणी गरम मिळालं. वीज ५ युनिट. कंडेन्सेटची नळी शेवाळ आणि लिंटने गच्च भरली होती, व्हिनेगरने मोकळी झाली, जमीन कोरडी आहे. बाबांना तोटी बंद करायला वाकता येत नाही, म्हणून तिथे वरच्या बाजूला लांब दांडीचा व्हॉल्व्ह बसवायचा आहे, शनिवारी करू. आईची दोरी फक्त चार फूट सरकवली.

एकतारा, अ‍ॅनोड रॉडचं कधी बघायचं?

एकतारा | १३ जानेवारी, रात्री ८:१५

तिसऱ्या वर्षी एकदा काढून पाहा, निम्म्याच्या वर झिजला असेल तर बदला. फिल्टर मात्र ड्रायर शेजारी आहे तोवर दर महिन्याला. तिळगूळ घ्या.